वरचं पाणी

मारिटच्या डाव्या मनगटावर पाण्याचा एक थेंब वाळला होता. पाणी गेलं होतं, कडा राहिली होती. पांढरी, केसाएवढी बारीक, एका बाजूला जरा ओघळलेली. मे महिन्याचं सकाळचं ऊन पडलं की ती किंचित चमकायची. द्वारकाने ती आधी नुसतीच पाहिली. मग कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून पुन्हा पाहिली.

उमेळ्याच्या विहिरींचं पाणी वाळल्यावर मागे असं काही ठेवत नाही. निदान अठरा वर्षं तरी तिची तशी खात्री होती.

"हे कुठलं पाणी?" तिने इंग्रजीत विचारलं.

"तीन नंबरच्या विहिरीचं. पोहरा बुडाला होता ना, तो वर काढताना उडालं." मारिटने मनगट पँटला पुसायला घेतलं.

"पुसू नको. थांब."

मारिट थांबली. वीस वर्षांची, सव्वाचार हजार मैलांवरून आलेली, दाराच्या चौकटीएवढी उंच मुलगी. मनगट पुढे धरून ती अशी उभी राहिली, जणू काही मोडलं आहे आणि ओरडा खायचा आहे.

डॉ. द्वारका राऊत मुंबईला विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायची. वय चौपन्न. लग्न केलं नव्हतं. उमेळ्याला केळीच्या वाडीतल्या घरात धाकटा भाऊ हिरामण आणि त्याची बायको आशालता यांच्यासोबत राहायची. विभागात तिला सगळे मागून 'विहीरवाल्या मॅडम' म्हणायचे, कारण १९८४च्या जूनपासून दर पंधरा दिवसांनी ती गावातल्या अकरा विहिरींच्या पाण्यातलं मीठ मोजत आली होती. खाडी हाकेच्या अंतरावर असून उमेळ्याचं पाणी गोड राहिलं आहे, हा तिच्या सगळ्या कामाचा निष्कर्ष. त्यावर चार शोधनिबंध निघाले होते. वह्या सात झाल्या होत्या.

दहा उन्हाळे झाले, दर एप्रिलला नेदरलँडहून एक-दोन विद्यार्थी तिच्याकडे आठ आठवड्यांसाठी काम शिकायला यायचे. पदवीचीच पोरं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची. विद्यापीठाच्या वसतिगृहात उन्हाळ्यात नळ कोरडे पडायचे, म्हणून द्वारका त्यांना घरीच ठेवायची, आणि पहिल्या वर्षापासून आशालता कुरकुरत का होईना त्यांना पोसायची. एकाने एका दिवसात बावीस वेलची केळी खाल्ली होती. एक मुलगी राजोडीच्या किनाऱ्यावर एक दिवस उघड्या पाठीने झोपली आणि नंतर आठवडाभर पोटावर झोपली. ही मारिट येता-जाता कपाळ आपटायची. शेवटी आशालताने चौकटीला वरून जुन्या साडीची घडी बांधून टाकली.

"ताई, ही तुमची पोरगी तुम्हाला नुसतं 'द्वारका' म्हणते," आशालताने पहिल्याच दिवशी कुजबुजत तक्रार केली होती. "ना मॅडम, ना काही. आमच्या सासूबाईंनीसुद्धा तुम्हाला एवढ्या सहज हाक मारली नसेल."

"त्यांच्याकडे तशीच रीत आहे."

"आणि तुम्हाला चालतं?"

नाव त्या स्वरात, मधला 'र' जरा घशात अडकवून उच्चारलेलं, द्वारकाला चालत होतं. ते ऐकण्यासाठी ती कधीकधी पलीकडच्या खोलीत हाक यायची वाट पाहत थांबायची.

त्याला कारण होतं. १९८३ साली ती स्वतः वर्षभर तिकडे गेली होती. समुद्राला बांध घालून राहणाऱ्या त्या सपाट देशात, पाण्यातलं मीठ मोजणाऱ्या एका संस्थेत, हेंद्रिकच्या हाताखाली. हाताखाली फक्त कागदावर. दोघं एकाच वयाची होती आणि एकाच टेबलावर बसायची. मार्चमध्ये वडिलांना अर्धांगाचा झटका आल्याची तार आली. निघायच्या आदल्या दुपारी बांधावरून चालताना हेंद्रिकने विचारलं, "परत येशील? राहायला?" वारा इतका होता की ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "पावसाळा झाला की कळवते."

वडील दोन वर्षं अंथरुणावर होते आणि शहाऐंशीत गेले. तोवर विहिरींची वही सुरू झाली होती. मग तिच्याकडे पीएच.डी.ची मुलं होती, मग विभागप्रमुखपद, मग पुन्हा वही. हेंद्रिकला ती दर दोन महिन्यांनी पत्र लिहायची आणि त्यात क्लोराइड लिहायची, म्हणजे पाण्यातल्या मिठाचे आकडे. तोही क्लोराइड लिहायचा. मग त्र्याण्णव साली त्याने विद्यार्थी पाठवायला सुरुवात केली.

पोरं आली की पहिल्या संध्याकाळी चहाबरोबर ती विचारायची, "तुमच्या विभागात सगळे कसे आहेत?" आणि ओळीने नावं घ्यायची. ग्रंथपाल बाई, काचसामान सांभाळणारा म्हातारा, सचिव, मग हेंद्रिक, मग आणखी दोघं. चौथं नाव ती बाकीच्यांइतक्याच आवाजात घ्यायची. अशा रीतीने तिला कळलं होतं की त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं; कुत्रा मेला; तो अजून सायकलने येतो; त्याने काचघरात कुंडीत केळ लावली आहे आणि ती दरवर्षी पानं काढते, केळ्यांचा घड, लोंगर, काही धरत नाही. एवढ्यावर तिचं वर्ष जायचं.

यंदा मारिटने बॅगेतून पाकीट काढून दिलं होतं. त्यात क्लोराइड नव्हतं.

'ऑक्टोबरमध्ये मी संस्था सोडतो आहे,' हेंद्रिकने लिहिलं होतं. 'म्हणजे पुढच्या वर्षी तुझ्याकडे मुलं पाठवणारं कोणी नसेल. दहा वर्षं मी ती पाठवली, कारण तू कशी आहेस हे विचारायची मला दुसरी पद्धत सुचली नाही. पावसाळा झाला की कळवते म्हणाली होतीस. कोणता पावसाळा, ते सांगितलं नव्हतंस, म्हणून मी चिडलो नाही. पण आता मला उत्तर हवं आहे. नाही असलं तरी चालेल. मारिट आठ जूनला निघते, तिच्याबरोबर दे.'

हे पत्र पाच आठवडे द्वारकाच्या पर्समध्ये होतं. तिथेच स्वेच्छानिवृत्तीचा एक कोरा अर्जही होता, दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या कार्यालयातून सहज म्हणून आणलेला. उत्तराची तिने रोज तयारी केली. रोज आंघोळीच्या वेळी हो असायचं आणि चहा होईपर्यंत वही आठवायची. पंधरा दिवसांची एक खेप चुकली तर अठरा वर्षांची मालिका तुटणार. ती कोण सांभाळणार?

आणि आता मारिटच्या मनगटावर ही रेघ.

"पोहरा बुडाला कसा?"

"गाठ सुटली. तू शिकवलंस तसंच करत होते," मारिट घाईने म्हणाली. "टेकवत होते. बुडवत नव्हते."

हा द्वारकाचा पहिला धडा असायचा. पोहरा विहिरीत आपटायचा नाही, बुडवायचा नाही. दोर हळूहळू सोडायचा, पोहरा पाण्याला टेकला की मनगटाने कलता करायचा आणि पाणी आपलं आपण आत येऊ द्यायचं. उमेळ्यातल्या बायका असंच पाणी काढतात. लहानपणी पोहरा धपकन टाकला म्हणून आईची चापट खाऊन ती हे शिकली होती. मुलांना ती सांगायची की असं केल्याने तळचा गाळ ढवळत नाही, आणि निबंधांत एका ओळीत लिहायची: नमुने स्थानिक पद्धतीने घेतले.

"मग वर कसा काढलास?"

"जुलियानाने गळ दिला."

दोघी तीन नंबरच्या विहिरीवर गेल्या. ही विहीर शेजारच्या प्लासिडच्या वाडीच्या हद्दीवर होती. दोन्ही घरं तिथलंच पाणी प्यायची. प्लासिडची बायको जुलियाना काठावर कपडे पिळत होती आणि लोखंडी गळ अजून रहाटाच्या जुन्या खांबाला टांगलेला होता.

"जुलियाना, पोहऱ्यातलं पाणी कुठंय?"

"आता कुठं असणार? ओतलं की." जुलियाना हसली. "ही तुझी लांबडी ते बाटलीत भरत होती. मी बोललंय तिला, नो नो. बुडलेल्या पोहऱ्याचं पानी कोण ठेवतं? ते ओतायचं, मग पोहरा खंगाळायचा, मग नवीन काढायचं."

"का?"

"का म्हणजे? खारं असते ते." जुलियानाने पिळा सोडला आणि तिच्याकडे पाहिलं. "तू काय आज आलीस काय गो उमेळ्याला?"

द्वारका काठावर बसली. तिलाही माहीत होतं. पोहरा बुडला की त्यातलं पाणी केळीच्या बुंध्यालासुद्धा घालायचं नाही, वाटेवर ओतायचं. तिने स्वतः लहानपणी ते वीसदा ओतलं असेल. टेकवायचा, बुडवायचा नाही, हेही त्यातलंच. गोड पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं जड, ते खाली बसतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हे काचेच्या नळीत रंग घालून दाखवायची. गावातल्या बायकांना हे ठाऊक होतं म्हणून त्या वरचंच पाणी घ्यायच्या, आणि तिने त्यांची पद्धत उचलली, त्यामागचं कारण मात्र तिथेच सोडलं, आणि अठरा वर्षं वरचं वीतभर पाणी मोजून लिहिलं, की उमेळ्याचं पाणी गोड आहे.

मारिटने हळूच खिशातून बाटली काढली. छोटी, शंभर मिलिलीटरची. "मी थोडं ठेवलं होतं," ती म्हणाली. "जुलियाना बघत नव्हती तेव्हा."

पंपघराच्या कोपऱ्यात द्वारकाने मुलांसाठी मांडून ठेवलेली एक छोटी प्रयोगशाळा होती. स्टँडला लावलेली ब्युरेट, पिवळ्या रंगाचा दर्शक, चांदीच्या क्षाराचं द्रावण. नेहमीचं पाणी चार मिलिलीटरला पिवळ्याचं विटकरी व्हायचं. हे इतकं ठरलेलं होतं, की साडेतीनच्या पुढे ती थेंब थेंब सोडायची. आज चार झाले, पाच झाले. रंग पिवळाच. दहा. वीस. पन्नासला ब्युरेट रिकामी झाली. द्वारकाने ती पुन्हा भरली. हात स्थिर होते, ते तिने नोंदवून ठेवल्यासारखं पाहिलं. एकोणसाठला पाणी विटकरी झालं.

"पंधरा पट," मारिट म्हणाली.

"पावणेपंधरा," द्वारका म्हणाली.

मग ती उठली आणि पंपघराच्या भिंतीपलीकडे धडधडणाऱ्या मोटारीच्या पाइपाखाली चंचुपात्र धरलं. मोटारीच्या पाण्याचा नमुना तिच्या सातही वह्यांत नव्हता. वही सुरू केली तेव्हा मोटार नव्हती. शहाण्णव साली हिरामणने ती बसवली, आणि पद्धत बदलली तर मालिका तुटेल म्हणून ती पोहऱ्याचंच पाणी मोजत राहिली. मोटारीचं तोंड मात्र पाण्याच्या वर टेकवलेलं नव्हतं. ते तळाशी होतं.

सतरा मिलिलीटर. वरचं-खालचं मिसळून आलेलं, तरी चौपटीहून जास्त.

हिरामण ओटीवर बसून केळीचे लोंगर निवडत होता. आशालता आतून वाटणाचा खलबत्ता घेऊन बाहेर आली होती, कारण आत उकडत होतं.

"हिरू, मोटार बंद कर."

"का गो बाय? आता तर लावली. दुपारी लाईट जाते."

"पाणी खारं आहे."

हिरामणने लोंगर खाली ठेवला. ती चेष्टा करते आहे का, ते पाहिलं. मग म्हणाला, "आज कळलं तुला?"

द्वारका उभीच राहिली.

"शहाण्णवच्या दिवाळीत मी तुला काय म्हटलं होतं? मोटारीचं पाणी मचूळ लागतंय. तू काय म्हणालीस?"

"पाइप गंजला असेल म्हणाले."

"पाइप बदलला. मग पानवेलीची पानं कडेनं जळायला लागली. तेव्हा?"

"पोटॅश टाक म्हणाले." पोटॅश म्हणजे तेही क्लोराइडच, मिठावर आणखी मीठ, हे तिला आत्ता आठवलं.

"टाकला. पुढच्या उन्हाळ्यात वेली गेल्या."

"चारशे," ती म्हणाली.

"चारशे तीस." हिरामण हाताला लागलेला केळीचा चीक पुसत होता. तो निघत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. "आज्याच्या हातच्या वेली गो. माझ्या जिभेला कळत होतं. पण तुझ्या वहीत नव्हतं. मग मी म्हटलं, माझी जीभ काय शिकलेली आहे?"

तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. द्वारका ओटीच्या पायरीवर बसली. मारिट केळीच्या सावलीत, कोणाच्याच नजरेला पडू नये अशी उभी होती आणि तिच्या उंचीमुळे ते जमत नव्हतं.

"मी ह्या विहिरींसाठी," द्वारका म्हणाली, "ह्या वाडीसाठी इथे..." आणि पुढचं क्रियापद तिला सापडेना.

"काय? थांबलीस?" हिरामण म्हणाला. "बाबा शहाऐंशीत गेले. त्यानंतर तुला कोणी धरून ठेवलं? मी धरलं? हिनं धरलं?"

"मला मध्ये घेऊ नका," आशालता म्हणाली आणि खलबत्ता खाली ठेवला. "आणि घेतलंच आहे तर सांगते. ताई, दर एप्रिलला तुम्ही ट्रंकेतली ती निळी चादर काढता. ती काय ह्या उंटिणीसाठी? हिला ज्यानं पाठवलं, त्याच्यासाठी काढता."

"आशा!"

"काय आशा? पोरगी पाय पसरून झोपते, चादर अर्धी जमिनीवर असते. तुम्ही सकाळी उठून तिची घडी घालता, चार कोपरे जुळवून. बावीस केळी खाणारा तो पोरगा आठवतो? त्याला तुम्ही तीनदा विचारलंत, साहेबांचा गुडघा कोणता. डावा की उजवा. तेव्हाच मी ह्यांना म्हटलं."

"म्हटलं होतं," हिरामणने कबूल केलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बाय, सगळ्या उमेळ्याला माहीत आहे. प्लासिडनं तर गावातल्या ॲन्सेल्मशी पैज लावली होती, तू तिकडे निघून जाशील म्हणून, त्र्याण्णवला का चौऱ्याण्णवला. हरला बिचारा."

मारिटला राहवेना. "ते माझ्यावर रागावलेत का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"नाही," द्वारका म्हणाली. "माझ्यावर."

पुढचे तीन आठवडे तिने अशा हुरुपाने काम केलं की आशालता घाबरली. बाटलीला शिशाचं वजन बांधून, बुचाला वेगळी दोरी लावून, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर नमुने घेतले. अकराही विहिरी. रात्रीचं जेवण पंपघरात मागवलं. मारिट नोंदी करायची आणि द्वारका आलेख काढायची, आणि प्रत्येक आलेखात एक जागा यायची जिथे रेघ एकदम उजवीकडे वळायची. खालचं खारं पाणी कुठे दोन मीटरवर होतं, कुठे तीनवर. ते वर येतं आहे का, किती वेगाने, हे सांगायला निदान पाच वर्षं मोजावं लागेल. तिने तसं मोठ्याने म्हटलं. "निदान पाच वर्षं."

आणि म्हणताना तिला हलकं वाटलं. छातीवरचं ओझं कुणी उचलावं तसं. ती पेन्सिल हातात धरून त्या हलकेपणाकडे पाहत राहिली. हा तिच्या ओळखीचा होता. बाबांचं पथ्यपाणी सुरू झालं तेव्हा, पहिला पीएच.डी.चा मुलगा आला तेव्हा, प्रमुखपदाची ऑर्डर निघाली तेव्हा. प्रत्येक वेळी अगदी असाच, सुटल्यासारखा. तिने पेन्सिल खाली ठेवली.

हिरामणला तिने दुसऱ्या दिवशी पंपघरात बोलावलं. मोटारीचं तोंड त्याने आठ फूट वर घेतलं होतं आणि उपसा निम्म्यावर आणला होता.

"ही बाटली कशी सोडायची ते बघ."

"बघितलं. पोरगी दाखवते मला. ती खुणांनी सांगते, मी मान हलवतो." त्याने चौथ्या बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, टाळ्यावर घोळवलं आणि दाराबाहेर थुंकला. "बारा मिलिलीटर."

"तसं नाही सांगता येत, हिरू."

"लाव तुझं यंत्र."

साडेअकराला रंग पालटला. मारिटने टाळ्या वाजवल्या. हिरामणने पुढची बाटली घेतली. तीसच्या पुढे त्याची जीभ चुकायला लागली, पण तोवर त्याने स्वतःच ब्युरेटची तोटी धरली होती, आणि थेंब सोडताना त्याचा तळवा भाताची रोपं लावताना असतो तसा हलका होता.

"आता वही मी लिहितो," तो म्हणाला. "माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे."

"दर पंधरा दिवसांनी."

"माहीत आहे. अठरा वर्षं बघतोय." थेंबावरची नजर न काढता तो म्हणाला, "आणि चुकलो एखाद्या वेळी, तरी चालेल ना गो?"

तिने वही त्याच्यापुढे सरकवली. मग ती म्हणाली, "चालेल."

निघायचा शुक्रवार उजाडला; विमान मध्यरात्रीनंतरचं होतं. मारिटची बॅग ओटीवर आली. आशालताने त्यात सुकेळ्यांची दोन पुडकी, आंब्याचं लोणचं आणि ती नको नको म्हणत असताना एक पितळी वाटी कोंबली. मारिटने द्वारकाला बाजूला घेतलं.

"हेंद्रिक म्हणाला होता, ती जे देईल ते आण. काही दिलं नाही तर तसंच ये. पण विचारायला विसरू नको." मारिट लाजली होती. "म्हणून विचारते."

द्वारकाकडे पाकीट तयार होतं. सकाळी चारदा लिहिलेलं पत्र त्यात होतं. 'प्रिय हेंद्रिक, तीन नंबरच्या विहिरीत दोन मीटर वीस सेंटिमीटरखाली...' अशी सुरुवात होऊन ते तीन पानं चालत होतं, आणि तिसऱ्या पानाच्या शेवटीही विहिरीतच होतं. तिने ते पाकीट मारिटच्या हातात ठेवलं. मग परत घेतलं.

"ह्यात उत्तर नाही," ती म्हणाली. "तू जेवून घे. मी येते."

दुपारचे दोन वाजले होते. तिकडे साडेदहा. ती छत्री घेऊन स्टेशनच्या रस्त्यावर नथूच्या एसटीडी बूथपर्यंत चालत गेली. नथूने पंख्याखालून मान काढली.

"या मॅडम! परदेश? तुमच्या पोरी नेहमी येतात. मागे त्या केळेवाल्यानं तर इथंच रडून घेतलं होतं. तुम्ही पहिल्यांदाच."

"हो."

"नंबर लिहून द्या, मी लावतो."

"मी लावते. पाठ आहे."

काचेच्या आत उकाडा होता. तिने दरवाजा ओढून घेतला. नंबर तिने अठरा वर्षांत एकदाही फिरवला नव्हता, तरी बोटं कुठे अडखळली नाहीत. दूरवर, समुद्राखालून आल्यासारखी, तीनदा घंटी वाजली. मग त्याने स्वतःचं नाव सांगितलं. आवाज जाड झाला होता.

"द्वारका," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"पाणी कसं आहे?" हेंद्रिकने विचारलं.

"वर गोड आहे. खाली खारं आहे. मी अठरा वर्षं वरचंच मोजलं."

"तुझ्या तक्त्यात खोलीचा रकाना नव्हता. पंच्याण्णव साली मी तुला लिहून विचारलं होतं."

"आणि मी लिहिलं, पद्धत बदलली तर मालिका तुटेल."

"हो."

"मग पुन्हा का नाही विचारलंस?"

काचेतून नथू तिच्याकडे पाहत होता आणि पाहत नसल्यासारखं करत होता.

"तुला दोन प्रश्न पुन्हा विचारायचे नाहीत असं मी ठरवलं होतं," हेंद्रिक म्हणाला. "हा त्यातला एक."

दुसरा कोणता, हे तिने विचारलं नाही. रिसीव्हर तिने उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला. घामाने हात निसटत होता. तिला वाटलं होतं, आधी खूप काही सांगावं लागेल. हिरामणच्या वेलींचं, वडिलांचं, प्रत्येक वर्षाचं वेगळं. आता त्यातलं काहीच पुढे येईना. समोर भिंतीवर देशांच्या क्रमांकांचा कागद चिकटवलेला होता, एवढंच दिसत होतं.

"द्वारका? आहेस?"

"आहे," ती म्हणाली. "हेंद्रिक, मी येते आहे. भेटायला नाही. राहायला."